काकाजींची सुतळी

मोजणीच्या खात्यात माझी सारी नोकरी गेली. आमच्याकडे दोरी सरळ धरणाऱ्या माणसाला मान असतो, कारण दोरी बोटभर सरकली की दोन सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण गावंडेकाकाजी धरायचे तशी सरळ सुतळी मी सरकारी मोजणीतसुद्धा पाहिली नाही. आणि धरायचे कशासाठी, तर मेथीसाठी.

अमरावतीच्या कडेला आमचं लेआऊट. आधी माझं घर, मग तीस बाय चाळीसचा एक खुला प्लॉट, मग सुनील गावंडे नावाच्या शिक्षकाचं घर. प्लॉटही त्याचाच, पण त्यावर बांधकामाचा मलबा पडलेला आणि मलब्यावर गाजरगवत माजलेलं. माघातल्या एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर त्या मलब्यात एक उंच, वाळलेला म्हातारा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाच्या, काड्यांच्या खुंट्या ठोकत होता. अंगात बंडी, खाली धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. खुंट्यांना सुतळी बांधून झाली की एका टोकाला उभं राहून तो एक डोळा मिटायचा, आणि मग जाऊन खुंटी जरा सरकवायचा. विटांच्या तुकड्यांवरून सुतळी ताणून हा माणूस काय करतोय ते मला कळेना.

मी भिंतीवरून विचारलं, "काकाजी, हद्दीचा वाद आहे का? मोजणी पाहिजे असेल तर अर्ज करा, मी त्याच ऑफिसात आहे."

"मोजनी झाली. आता पेरनी हाय," ते म्हणाले. "मोजनीच्या ऑफिसात हाय म्हनता, मंग तुमाले समजन. थे तिकडची खुंटी वाकडी दिसते का, पाहा बरं."

ओळख व्हायच्या आधीच मी कामाला लागले होते. खुंटी वाकडी नव्हती, तरी मी थोडी वाकडी आहे असं सांगितलं, गंमत म्हणून. ते गेले, वाकले, पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "सरकारी डोया हाय तुमचा." त्यानंतर त्यांची गंमत करताना मी जरा जपून असे.

सुनीलचे ते वडील. दर्यापूरकडच्या गावात कापूस आणि तूर पिकवण्यात हयात गेलेली. त्या भागात विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे वरून पडेल तेवढ्यावरच पीक. पिकाला पाणी द्यायचं असतं हे काकाजींना ऐकून माहीत होतं, पण ते काम माळ्याचं, असं त्यांचं पक्कं मत. त्या हिवाळ्यात काकाजींच्या बायकोला, शेवंताकाकूंना, लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखाना जवळ पडावा म्हणून वावर बटाईनं देऊन दोघं मुलाकडे आले.

काकूंची खुर्ची प्लॉटच्या बाजूच्या खिडकीत असायची. डाव्या हातात हिरव्या बांगड्या. लकव्यानंतर त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता, "नाई." चहा पाहिजे का? नाई. पंखा बंद करू का? नाई. दुखतंय का? नाई. होकारालाही नाई आणि नकारालाही नाई, ओळखायचं ते डोळ्यांवरून. काकाजी एकदा मला म्हणाले, "सारी जिंदगी थे मले काईनाकाई मागे, अन् मी नाई म्हनो. आता तिच्यापाशी तेवढाच शब्द उरला. माह्याच हाय थो. वापस करून राहिली."

वाईट म्हणजे काकूंनी जेवण टाकलं होतं. गिळायला काही अडचण नाही, असं डॉक्टर म्हणत. पण ताट आलं की डाव्या हातानं ते परत सरकवायच्या. सून वर्षा बिचारी मऊ भात करी, वरण करी, शिरा करी. दोन घास जात, मग "नाई." काकूंचे दंड दिवसेंदिवस वाळत होते आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

हा मलब्यातला उद्योग त्यासाठी होता, हे मला काही दिवसांनी कळलं.

सुनील म्हणाला होता, जेसीबी बोलावू, तासाभरात प्लॉट साफ. काकाजी म्हणाले, "जेसीबी माती दाबते. अन् मी काय मेलो का?" मग रोज पहाटे टिकास आणि घमेलं. विटा एका बाजूला, सिमेंटचे गोळे एका बाजूला. माती खाटेच्या जुन्या जाळीवर चाळायची. खालची काळी माती लागली तेव्हा त्यांनी ती मुठीत दाबली, वास घेतला आणि खिडकीकडे नेऊन काकूंना दाखवली. काकूंनी तोंड फिरवलं. काकाजी परत येऊन खणायला लागले. मी ऑफिसला जाताना विचारी, "काय काकाजी, कसं काय?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "लागलो हाय." संध्याकाळी परतताना विचारलं तरी तेच. ताप होता त्या दिवशीही तेच.

एकदा माती चाळता चाळता त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्याकडे कापूस चौफुलीवर लावत. उभ्या-आडव्या दोऱ्या जिथं एकमेकींना कापतात तिथंच सरकी टोबायची, म्हणजे तण काढणारा बैलांचा डवरा उभाही चालतो आणि आडवाही. मध्ये एक झाड उगवलं तरी डवरा अडतो. काकाजींच्या चौफुल्या पाहायला शेजारच्या गावचे लोक येत. आणि सरकी टोबायला पुढे असायच्या काकू. त्यांच्या ओटीत सरकीबरोबर लपवलेलं दुसरं बी असायचं: ढेमसं, बरबटी, अंबाडी, वाळूक. हात जाईल तिथं त्या ते टाकत. त्या भागातल्या साऱ्याच बाया टाकतात. घरच्या तोंडाला कालवण होतं, आणि दुसऱ्या गड्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नसतं.

"माह्यं होतं," काकाजी म्हणाले. "दर वर्सी थे टाके, दर वर्सी मी उपटून फेको. पऱ्हाटीत पसारा नाई पायजे. येका वर्सी ढेमशाचा येक वेल धुऱ्याच्या आंगानं तुरीत लपून राहिला. दुपारी शिदोरीत ढेमशाची भाजी. म्हनलं, कोठून आनली? म्हने, बजारातून. बजार तर मंगयवारी, अन् हा होता शुक्रवार. मी काई बोललो नाई. दोन भाकरी खाल्ल्या त्या भाजीसंग. अन् दुसऱ्या दिवशी जाऊन वेल उपटला."

त्यांनी जाळीवर आणखी एक घमेलं ओतलं.

"खाऊन उपटला, बाई. उपाशीपोटी उपटला असता तर गोष्ट येगळी होती."

वेल उपटला त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, एक डाव तुमच्या हातानं लावून मला खाऊ घाला, मग पुन्हा मागणार नाही. काकाजी तेव्हा हसले होते. आता त्यांनी ठरवलं होतं की होळीला बी टाकायचं आणि अक्षय तृतीयेच्या जेवणात आपल्या हातचं ढेमसं तिच्या ताटात वाढायचं. तेवढं ती खाईल. ते खाल्लं की बाकीचंही खाईल. "नाई खाल्लं तर?" मी विचारलं. माझी जीभ अशीच आहे.

"तर पुन्हा लावीन," ते म्हणाले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, लेआऊटमधली पोरं रंग खेळत असताना, काकाजींनी सुतळ्या ताणल्या. उभ्या आणि आडव्या, तीन-तीन फुटांवर. प्रत्येक चौफुलीवर ढेमशाचे दोन दाणे. ते ठीकच होतं, वेलाला तेवढी जागा लागतेच. पण उरलेल्या अर्ध्या तुकड्यात त्यांनी मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, हेही त्याच चौफुलीवर लावलं. चिमूटभर मेथी, मग तीन फूट मोकळी जमीन, मग चिमूटभर मेथी. मी भिंतीवरून पाहत होते. मला भाजी विकत घेण्यापलीकडे काही कळत नाही, तरी एवढं कळलं की हे काही खरं नाही.

"काकाजी, मेथी जरा जवळजवळ नसते का?"

"डवरा कुठून जाईन मंग?"

"इथं डवरा आहे कुठं?"

त्यांनी सुतळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नसला तरी वाट पायजे."

आठ दिवसांनी मेथी उगवली. एवढ्या मोठ्या काळ्या जमिनीवर एकेक हिरवा झुपका, शिस्तीत, सैनिकांसारखा उभा. वर्षानं काकूंची खुर्ची खिडकीशी आणली. काकूंनी पाहिलं. मग एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. वर्षा घाबरून धावली. पण काकू हसत होत्या. अर्धंच तोंड हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बांगड्यांचा हात खिडकीच्या गजावर आपटत त्या म्हणत होत्या, "नाई! नाई! नाई!"

लकव्यानंतर त्या हसल्या त्या पहिल्यांदा. दुसरा कोणी असता तर खूश होऊन मिठाई आणली असती. काकाजी रागावले. दिवसभर मेथीकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी मात्र खिडकीसमोर बसून ते विचारत होते, "मंग कशी लावाची? सांग ना. फेकून द्याची? अशी?" आणि रिकाम्या मुठीनं हवेत बी फेकल्यासारखं करून दाखवत होते. काकूंच्या बांगड्या एकदा वाजल्या. दुसऱ्या दिवशी काकाजींनी सगळी मेथी खुरप्यानं उकरली आणि वाफा करून नवी मेथी फेकून पेरली. पण वाफ्याच्या चारी बाजूंना सुतळी होतीच.

पुढं बांगड्यांची ही भाषा चांगलीच पक्की झाली. एकदा वाजल्या की बरोबर. धडाधड वाजल्या की चुकलं. धडाधडच जास्त ऐकू यायच्या.

आमच्या लेआऊटमध्ये अनसूयाबाई नावाची माळीण डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. माहेर अंजनगाव सुर्जीचं, लहानपणापासून वाफ्यात वाढलेली, तोंडानं फटकळ. काकाजींनी तिला कधी काही विचारलं नाही. पण ती न विचारताच भिंतीशी पाटी टेकवून उभी राही. काकाजी नळाला पाइप लावून मेथीच्या वाफ्यात धो धो पाणी सोडत होते, तर ती म्हणाली, "आबाजी, पूर आनून राहिले का? थे मेथी हाय, म्हैस नाई."

"माह्या वावरात मले नोको शिकवू."

"तुमच्या वावरात कदी पानी होतं का? मंग कसं समजन?"

हे त्यांना लागलं, कारण खरं होतं. ती गेल्यावर त्यांनी पाइप बंद केला, बादली घेतली, आणि लोट्याच्या तोंडाशी बोटं धरून बोटांमधून पाणी शिंपायला लागले. नळ एक दिवसाआड यायचा. न येणाऱ्या दिवशी आमच्या टाकीतलं पाणी न्या असं मी म्हटलं, तर दोन बादल्या नेत आणि दुसऱ्या दिवशी दोन बादल्या परत आणून ओतत. मी नको म्हटलं तरी ऐकत नसत.

मेथी झाली, पालक झाला. वर्षानं मेथीची भाजी करून काकूंपुढे ठेवली. त्यांनी बोटानं चाखली आणि ताट सरकवलं. काकाजी म्हणाले, "मेथीचं बोलनं नव्हतं झालं. ढेमशाचं झालं होतं."

चैत्र लागला. आमच्या दारचा कडुनिंब फुलला, ऊन वाढलं, आणि ढेमशाचे वेल हातभर पसरले. पानांवर लाल भुंगे बसायला लागले. काकाजी जन्मभर कापूसवाले. किडा दिसला की पंप पाठीवर, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. गावाकडून पंप आणला, तोंडाला दुपट्टा बांधला, आणि फवारा मारला. भुंगे गेले. अनसूयाबाई म्हणाली, होळीची राख फुकली असती तरी गेले असते. काकाजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढं वेलाला पिवळी फुलं आली आणि पानामागे काही बारीक किडे दिसले. पुन्हा पंप. या वेळी खिडकीतून बांगड्या धडाधड वाजत होत्या. गज वाजत होता, "नाई, नाई" चाललं होतं. पंपाच्या आवाजात काकाजींना ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही त्यांनी ऐकलं नाही, देव जाणे.

मग फुलं गळायला लागली. फुलाखाली गोटीएवढं लवदार ढेमसं धरायचं, दोन दिवसांत पिवळं पडायचं आणि टपकन खाली. रोज सकाळी काकाजी गळलेल्या गोट्या गोळा करून ओंजळीत घेऊन उभे राहत. आठ-दहा दिवस हेच. अक्षय तृतीया जवळ येत होती. मी त्यांना खचलेलं तेवढंच पाहिलं. "लागलो हाय" म्हणत होते, पण आवाजात जोर नव्हता.

शेवटी त्यांनीच अनसूयाबाईची पाटी उतरवून घेतली. मला तो क्षण आठवतो, कारण ते म्हणाले, "बाई, थोडंसाक पाहा." 'बाई' म्हणाले, आणि 'पाहा' म्हणाले.

तिनं वेल पाहिला, हवेत कान दिला. "माशी कुठी हाय?"

"कोनची माशी?"

"मधमाशी. मारल्या तुमी साऱ्या. या फुलावरचं त्या फुलावर नेनार कोन? तुमी?"

काकाजी उठले. बराच वेळ धोतराला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "हो. मी."

अनसूयाबाईनं दाखवलं. बारीक देठाचं फूल ते नर, खाली गोटी असलेलं ते मादी. नर तोडायचा, पाकळ्या सोलायच्या, आणि आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात अलगद फिरवायचा. भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि फवारलेल्या वेलाचं आता बारा दिवस काही खायचं नाही, हेही तिनं बजावलं. त्याचा अर्थ काकाजींना लगेच कळला. बोटांवर मोजून झालं आणि ते म्हणाले, "अक्षय तृतीया गेली मंग." एवढंच. चिडले नाहीत, कपाळावर हात मारला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत वेलात उकिडवे बसलेले दिसले.

पण त्यांची बोटं कापूस वेचून जाड झालेली. पहिल्या सकाळी सहा फुलं धरली, पाच मोडली. खिडकीतून बांगड्या वाजत होत्या. धडाधड नव्हे, एका मागे एक, घाई करत. काकाजींनी वर पाहिलं. काकूंचा डावा हात गजातून बाहेर आला होता आणि बोटं हलत होती.

वर्षा नको नको म्हणत असताना काकाजींनी चाकाची खुर्ची प्लॉटात आणली. चाकं भुसभुशीत मातीत रुतायला लागली म्हणून वाटेत फळ्या टाकल्या. खुर्ची वेलाशी लावून त्यांनी नर सोलून काकूंच्या डाव्या हातात दिला आणि वेल उचलून मादीचं फूल त्यांच्यासमोर धरलं. काकूंचा हात थरथरत होता. पण फुलापाशी गेला की थरथर थांबायची. मी भिंतीवरून पाहिलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. एक फूल झालं. मग दुसरं. तेवीस फुलं झाल्यावर काकाजी म्हणाले, "बस, थकली." काकू म्हणाल्या, "नाई."

त्यानंतर रोज. काकाजी फुलं धरत, काकू माशीचं काम करत.

अक्षय तृतीया आली. मातीच्या घागरीत पाणी भरून पितरांना नैवेद्य झाला, पुरणपोळी, आंब्याचा रस. वेलावर त्या दिवशी ढेमशी होती, पण लिंबाएवढीच, आणि बारा दिवसांपैकी चार बाकी. सकाळी अनसूयाबाईच्या पाटीत छान कोवळी ढेमशी होती. मी अर्धा किलो घेतली आणि वर्षाला दिली. काकाजींना म्हटलं, "आजचा दिवस आहे. ही करू द्या. काकूंना काय कळणार कुठली आहेत?"

इतक्या दिवसांत काकाजींनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"म्या तिले सारी जिंदगी सांगतलं, बजारातलंच खा," ते म्हणाले. "आता मी तिले बजारातलं देऊन माह्यं म्हनू? तिनं मले येक डाव वावरातलं देऊन बजारातलं म्हनलं होतं. थे तिचं खपलं. माह्यं नाई खपत, बाई."

मी ती ढेमशी घरी आणली आणि स्वतः खाल्ली. चवीला बरी होती. मला मात्र स्वतःचा बराच राग आला होता, कारण आमच्या खात्यात खोटी हद्द दाखवणाऱ्याला मी कधी माफ केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी काकाजींनी तीन ढेमशी तोडली. नखानं टोचून पाहिलं, कोवळी होती. वर्षानं दाण्याचा कूट, तीळ, लाल तिखट भरून केली, काकू करायच्या तशी. माझी अकोल्याला बदली झाल्याची ऑर्डर त्याच दिवशी आली होती. ती सांगायला गेले, तर सगळे काकूंच्या खुर्चीभोवती उभे. सुनील शाळेच्या कपड्यांतच. काकाजी समोर पाटावर बसलेले, हातात भाकरीचा घास, त्यात ढेमशाचा तुकडा.

"आनलं," ते म्हणाले. "उशीर झाला."

काकूंनी घासाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "नाई."

काकाजींचा हात तसाच हवेत. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण मला माहीत होतं की हा माणूस आता उठेल आणि पुन्हा सुतळी ताणेल.

काकूंनी डावा हात पुढे केला, त्यांच्या बोटांतून घास काढून घेतला, आणि स्वतःच्या हातानं तोंडात घातला. बराच वेळ चावला. भाकरीचा दुसरा तुकडा स्वतः मोडला. तीनही ढेमशी संपली, रस्सा निपटला. मधेच त्यांनी एक घास काकाजींच्या तोंडाशी नेला. काकाजींनी तोंड उघडलं.

"वरन-भात वाढू?" वर्षानं विचारलं.

"नाई," काकू म्हणाल्या, आणि रिकामं ताट पुढं सरकवलं.

मी अकोल्याला गेल्यावर दोनेक वर्षांनी वर्षाचा फोन आला की काकाजी गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो म्हणजे, काकू जेवतात का. वर्षा म्हणाली, "जेवतात. प्लॉटातलं असलं की जास्त."

मला मात्र काकाजी आठवतात ते सामानाच्या ट्रकमध्ये माझी शेवटची पेटी चढत होती त्या सकाळचे. जूनचे पहिले दिवस. ढेमशाचे वेल वाळून गेले होते, आणि प्लॉटात धूळपेरणी चालली होती, कोरड्या मातीतच बी टाकून ठेवायची. खुर्ची फळ्यांवरून पुढे सरकत होती. काकूंच्या ओटीत बी होतं, बरबटी, अंबाडी, वाळूक, सगळं एकत्र. डाव्या मुठीनं त्या ते टाकत होत्या, इकडे, तिकडे, हात जाईल तिथं. काकाजी मागून येत होते आणि पायानं माती लोटत होते. सुतळीची गुंडाळी त्यांच्या कमरेला होती, पण एकही खुंटी ठोकलेली नव्हती.

"निघाले का?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"निघाले काकाजी. कसं काय?"

"लागलो हाय."

काकूंची एक मूठ जरा जोरात गेली, आणि एक दाणा पार माझ्या भिंतीच्या बुडाशी येऊन पडला. काकाजी आले, वाकले, तो उचलला. सवयीनं एक डोळा मिटून त्यांनी रांग पाहिली. मग दाणा होता तिथंच परत ठेवला आणि त्यावर पायानं माती ओढली. काकूंनी पुढची मूठ टाकली.